‘पॅराफ्रेज’ला मराठीत काय म्हणाल?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, माझ्या पिढीतल्या बहुतेकांना ‘पॅराफ्रेज’ हा शब्द पहिल्यांदा भेटला तो इंग्रजीच्या पेपरात. चार-सहा ओळींची एक कविता छापलेली असायची आणि खाली सूचना असायची, हिचा पॅराफ्रेज करा. म्हणजे कवीने जे सांगितले ते तुमच्या शब्दांत, साध्या गद्यात पुन्हा सांगा. काही गाळू नका, पदरचे काही घालू नका. रेन आणि मार्टिन यांच्या ज्या जाडजूड व्याकरणावर भारतातल्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यातही या प्रकारावर वेगळे प्रकरण आहे. यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे १९२४ साली निघालेल्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे जगभर गाजले. वाळवंटातल्या शिपायांच्या साहसकथा लिहिणारा आणि आपल्याला पॅसिव्ह व्हॉइस शिकवणारा माणूस एकच, हे कळल्यावर मला गंमत वाटली होती.

मी मावळात बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. राहायला कान्ह्याला. पुणे-लोणावळा लोकलने रोज जा-ये करणाऱ्यांना वडगाव आणि कामशेतच्या मधले हे लहानसे स्टेशन माहीत असेल. वर्गातली मुले आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून यायची. पॅराफ्रेज शिकवायला घेतला की दरवर्षी एखादा मुलगा विचारायचाच, ‘सर, याला मराठीत काय म्हणायचं?’ मी कधी ‘सरळ अर्थ’ म्हणायचो, कधी ‘भावार्थ’, कधी ‘आशय’. मुले लिहून घ्यायची. पण नेमका शब्द कोणता, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्याचा माग काढताना जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

शब्दांचे गणगोत

पॅराफ्रेज हा मूळचा ग्रीक शब्द. ‘पॅरा’ म्हणजे शेजारी, बाजूला; आणि दुसऱ्या भागाचा अर्थ सांगणे. मूळ वाक्याच्या शेजारी दुसरे वाक्य नेऊन ठेवायचे, असा हा भाव. इंग्रजीत त्याची भावंडे पुष्कळ आहेत. रिपीट म्हणजे तेच शब्द पुन्हा म्हणणे. रिइटरेट म्हणजे तीच गोष्ट ठासून पुन्हा सांगणे. रिकॅपिट्युलेट म्हणजे बोललेल्या गोष्टींची ठळक कलमे शेवटी पुन्हा मोजून दाखवणे. यात लॅटिनमधला डोक्याचा शब्द आहे, त्यातूनच प्रकरणाचा मथळा हा अर्थ आला. क्रिकेटच्या समालोचनात आपण ‘रिकॅप’ ऐकतो तो याचाच छोटा भाऊ. या सगळ्यांत शब्द बदलण्याची अट फक्त पॅराफ्रेजला आहे. त्यात शब्द बदलतात आणि अर्थ तोच राहतो. निदान तो तसा राहावा अशी अपेक्षा असते.

आपल्या मराठीत पुन्हा सांगण्याला शब्द कमी नाहीत. पण त्यातले बरेचसे नाक मुरडणारे आहेत. कोणी तेच ते बोलू लागला की आपण म्हणतो, याचे पालुपद सुरू झाले. दळण दळतो, गुऱ्हाळ लावतो, चऱ्हाट वळतो, री ओढतो. चांगल्या अर्थाचे शब्द थोडे. ‘उजळणी’ त्यातला सर्वात देखणा. भांडे घासून उजळावे तसे पाढे पुन्हा म्हणून उजळायचे. ‘गोषवारा’ फारसीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ कानातला दागिना, आणि हिशेबाच्या भाषेत गोळाबेरीज. लांबलचक जमाखर्चाच्या कानाला लटकवलेला छोटासा डूल म्हणजे गोषवारा, असे म्हणायला हरकत नाही. पण यातला एकही शब्द पॅराफ्रेजच्या जागी चपखल बसत नाही.

बसतो तो शब्द आपण रोज वापरतो आणि भलत्याच अर्थाने वापरतो. तो शब्द म्हणजे ‘अनुवाद’.

अनुवादाचा जुना अर्थ

आज अनुवाद म्हटले की एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे, एवढेच डोळ्यांपुढे येते. संस्कृतात मात्र अनुवाद म्हणजे मागाहून सांगणे. आधी सांगितलेलेच काही कारणासाठी पुन्हा सांगणे. भाषा बदलण्याचा तिथे संबंध नाही. ग्रीकांनी पुन्हा सांगणे मूळ वाक्याच्या शेजारी ठेवले, आपण ते मूळ वाक्याच्या मागे चालवले.

न्यायशास्त्राने या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत पुनरुक्त आणि अनुवाद यांत भेद केलेला आहे. काही हेतू नसताना तोच शब्द किंवा तोच अर्थ पुन्हा उच्चारणे हे पुनरुक्त, आणि तो दोष. हेतूपूर्वक पुन्हा सांगणे हा अनुवाद, आणि तो दोष नाही. त्यासाठी दिलेला दाखला अगदी घरगुती आहे. कोणाला ‘लवकर, लवकर जा’ म्हटले तर दुसरा ‘लवकर’ फुकट गेला का? नाही. त्याने घाई वाढवली. शब्द तोच, पण दुसऱ्यांदा येताना तो काही तरी काम करून गेला.

याच ग्रंथात वादसभेचे नियम आहेत. कोणत्या चुकीने माणूस वाद हरला असे समजावे, याची यादी आहे. तिला निग्रहस्थाने म्हणतात. त्यातल्या दोन नियमांनी मला थांबवले. पहिला नियम असा : प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीन वेळा मांडले, सभेला ते समजले, तरी तुम्हाला ते उच्चारून दाखवता आले नाही, तर तुम्ही हरलात. उत्तर देणे पुढची गोष्ट. आधी समोरच्याचे म्हणणे तुमच्या तोंडून आले पाहिजे. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग त्याचे खंडन करायचे, ही जी रीत आहे तिच्याशी हा नियम मिळताजुळता आहे.

दुसरा नियम याच्या उलट बाजूचा. तुम्ही तीन वेळा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला तुमचे म्हणणे कळले नाही, तर हरलात तुम्ही. ऐकणारे मठ्ठ होते, ही सबब तिथे चालत नाही. न कळण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर आहे. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

कार्ल्याच्या भिंतीवरचा फेरहुकूम

आता शास्त्रातून जरा आमच्या मावळात येऊ. कान्ह्याहून लोणावळ्याची लोकल धरली की कामशेतनंतर मळवली येते. तिथे उतरून कार्ल्याची लेणी चढणारे तुमच्यापैकी पुष्कळ असतील. एकवीरेच्या दर्शनाला जाताना शेजारच्या चैत्यगृहातल्या खांबांकडे आपण बघतो, पण भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे सहसा कोणी पाहत नाही. तिथे प्राकृतातले दोन लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले.

एक लेख उषवदाताचा. तो क्षहरात नहपानाचा जावई. वलूरक म्हणजे आजच्या कार्ल्याच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी आपण करजिक नावाचे गाव दिले, असे त्यात नोंदले आहे. पुढे राज्य पालटले. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. मग दुसरा लेख येतो. त्यातले राजाचे नाव टिकलेले नाही. अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. मामाल भागातल्या अमात्याला तो उद्देशून आहे. ‘मामाल’ म्हणजेच आपले मावळ, आणि या नावाचा हा फार जुना उल्लेख. त्यात करजक गाव वलूरकच्या भिक्षूंना दिल्याचे सांगितले आहे आणि त्या गावाला राजाच्या माणसांच्या उपद्रवापासून सूट दिली आहे.

गाव तेच, लेणी तीच, दान तेच. मग पुन्हा का लिहायचे? कारण जुन्या सत्तेचा शब्द नव्या सत्तेच्या तोंडून आल्याशिवाय त्याला किंमत नव्हती. भिक्षूंच्या पोटाचा प्रश्न त्या दुसऱ्या लेखावर अवलंबून होता. आणि पुन्हा सांगताना काही गोष्टी बदलल्या. उषवदाताचे दान चारी दिशांच्या संघाला होते, दुसऱ्या लेखात महासांघिक पंथाच्या भिक्षूंचे नाव आले. जुन्या दात्याचे नाव गेले, सवलती आल्या. पुन्हा सांगणे वरवर किती निरुपद्रवी दिसते! पण कोणाच्या नावाने सांगितले, काय ठेवले आणि काय गाळले, यात सगळे राजकारण असते.

नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राचा असाच एक हुकूम आहे. तो तोंडी दिला गेला, मग अमात्याने लिहून काढला, मग जपून ठेवला गेला, अशी साखळी त्याच्या शेवटी नोंदवली आहे. बोलणे, लिहिणे, जपणे. राज्यकारभार म्हणजे एका अर्थाने एकच गोष्ट एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या लेखणीत आणि तिथून तिसऱ्याच्या दप्तरात नेत राहणे, हे आपल्याकडे इतके जुने आहे.

एकाच माणसाची दोन कामे

पुन्हा सांगण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत आणि दोन्हींची गरज असते. एकीत अक्षरही बदलायचे नाही. वेद म्हणणाऱ्यांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बसवले. शब्द पुढे-मागे फिरवून, उलटसुलट जोडून म्हणायचे, म्हणजे एकही वर्ण हरवत नाही. रेल्वेत आजही हेच तत्त्व आहे. फाटक बंद झाले की गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर खासगी क्रमांक देतो. तो क्रमांक जसा आहे तसाच दोघांकडे नोंदला गेला पाहिजे. तिथे कोणी ‘स्वतःच्या शब्दांत’ सांगू लागला तर अनर्थ होईल.

दुसऱ्या रीतीत अर्थ पोहोचवायचा असतो, म्हणून शब्द बदलावेच लागतात. इंग्रज कवी ड्रायडन याने १६८० साली भाषांतराचे तीन प्रकार सांगितले. शब्दाला शब्द ठेवणे हा पहिला. लेखकाला नजरेसमोर ठेवून, पण त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या आशयाच्या मागे जाणे हा दुसरा, तोच पॅराफ्रेज. आणि मूळ कृतीचा फक्त धागा धरून स्वतंत्र विहरणे हा तिसरा. ड्रायडनला हे तीन खण पाडावे लागले, त्याच्या आधीच मराठीने ते सगळे भरून ठेवले होते.

ज्ञानेश्वरीचे खरे नाव ‘भावार्थदीपिका’. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या. अठराव्या अध्यायात अठ्ठ्याहत्तर श्लोक आहेत आणि ओव्या अठराशेहून अधिक. परीक्षकाने हा पॅराफ्रेज तपासला असता तर ‘पदरचे घालू नका’ या नियमाखाली गुण कापले असते. पण ज्ञानेश्वरांसमोर परीक्षक नव्हता, श्रोते होते. नेवाश्याच्या त्या श्रोत्यांना संस्कृत येत नव्हते. एक दृष्टांत पुरला नाही तर दुसरा, तो नाही तर तिसरा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेपर्यंत सांगायचे. मराठीतला हा महान ग्रंथ म्हणजे एका ग्रंथाचे पुन्हा सांगणे आहे. आपले वाङ्मय अनुवादाच्या जुन्या अर्थाने अनुवाद आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एकनाथांकडे पाहा. त्यांनी १५८४ साली, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांत लेखनिकांनी आणि भक्तांनी त्यात जे मिसळले होते ते काढले. इथे ते अक्षराचे राखणदार होते. याच एकनाथांनी त्याआधी काशीला भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत प्रचंड ग्रंथ रचला. तो १५७३ साली पूर्ण झाला. तिथे त्यांनी शब्दांना मोकळे सोडले. कुठे अक्षर राखायचे आणि कुठे अर्थ सोडवायचा, याची जाण एकाच माणसात किती लख्ख असू शकते, ते यात दिसते.

युरोपात याच शतकात असेच काही घडत होते. इरॅस्मस या पंडिताने १५१७ ते १५२४ या काळात बायबलच्या नव्या कराराचे पॅराफ्रेज लॅटिनमध्ये लिहिले. त्यांचे इंग्रजी रूप प्रत्येक चर्चमध्ये ठेवावे, असा हुकूम इंग्लंडच्या राजाच्या नावाने १५४७ साली निघाला. लोकांना समजेल अशा शब्दांत धर्मग्रंथ पुन्हा सांगणे ही गोष्ट पैठणला, काशीला आणि लंडनला सारखीच खळबळ करणारी होती. कारण अर्थ लोकांच्या हाती गेला की अर्थ सांगणाऱ्याचा मक्ता जातो.

मावळातल्या सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. संताजींनी शब्द जपले. आणि तेच शब्द घेऊन गावोगावचा कीर्तनकार उभा राहतो, तेव्हा एक चरण म्हणतो, थांबतो, आणि आपल्या बोलीत, आपल्या गावच्या शेताबांधाच्या दाखल्यांनी तो पुन्हा सांगतो. मग सगळे मिळून धृपद म्हणतात. मूळ शब्द, त्याचा अनुवाद, पुन्हा मूळ शब्द. कीर्तनाची ही वीण इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात शास्त्र आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

भाषा पुढे सरकते आणि एका काळचा सोपा अर्थ पुढच्या काळी अवघड होतो. लोकांसाठी सोपी करून सांगितलेली ज्ञानेश्वरी विसाव्या शतकात लोकांना कळेनाशी झाली, म्हणून सोनोपंत दांडेकरांसारख्यांना ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ करावी लागली. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती. तिला कळेल अशी मराठी गीता हवी होती. त्या इच्छेतून पुढे ‘गीताई’ आली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. म्हणजे एकच ग्रंथ, सातशे वर्षे, दर वेळी नव्या श्रोत्यासाठी. पुन्हा सांगणे हे एकदा करून संपणारे काम नाही.

साठ दिवस

आता मघाशी राखून ठेवलेल्या नियमाकडे येतो. सांगूनही कळले नाही तर हार सांगणाऱ्याची.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. कारभार मराठीत आला, ही फार मोठी गोष्ट होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, त्या परंपरेतलेच हे पाऊल. परिभाषा घडवणाऱ्यांनी कष्ट घेतले, त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण इंग्रजी मसुद्याचे मराठीत भाषांतर झाले आणि आपण समजलो की काम संपले. भाषांतर झाले, अनुवाद राहून गेला.

निवृत्तीनंतर माझ्याकडे लोक कागद घेऊन येतात. शिकलेला माणूस गावात असला की हे ओघाने आलेच. एकदा शेजारच्या वाडीवरचे एक आबा आले. ओच्यातून घडी केलेली नोटीस काढली. जमिनीसंबंधीची होती. मराठीत होती, आणि आबांना वाचता येत होते. त्यांनी ती घरी दोन-तीनदा वाचलीही होती. ‘उपरोक्त’, ‘हितसंबंधित’, ‘अनुसूचीत विनिर्दिष्ट’, ‘आक्षेप’ हे सगळे शब्द त्यांनी अडखळत का होईना, मला वाचून दाखवले.

‘काय कळलं, आबा?’ मी विचारले.

‘कळायचं काय त्यात गुरुजी? रान गेलं आमचं.’

रान गेलेले नव्हते. ती प्राथमिक अधिसूचना होती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात अशा अधिसूचनेनंतर साठ दिवसांच्या आत हरकत घेता येते. त्यातले बरेचसे दिवस आबांनी रान गेले असे समजून घरात बसून काढले होते. मी त्यांना ती नोटीस सांगितली. वाचून दाखवली नाही, सांगितली. मग शिक्षकाच्या सवयीने म्हणालो, ‘आता आबा, तुम्ही मला सांगा यात काय लिहिलंय ते.’

ते थोडा वेळ गप्प बसले. मग बोटे मोजत म्हणाले, ‘म्हंजी रान अजून गेलं न्हाई. घ्यायचं म्हणत्यात. आन् आपल्याला नको म्हणायचं आसंल तर ह्या तारखंच्या आत लिहून द्याया पायजे. न्हाई दिलं, तर आपुन गप बसलो आसं धरत्याल.’

श्रोतेहो, मी इतकी वर्षे वर्गात पॅराफ्रेज तपासले, पण इतका नेमका मला आठवत नाही. त्यात काही गाळलेले नव्हते, पदरचे काही नव्हते. पुढे त्या जमिनीचे काय व्हायचे ते होवो, पण आबांनी मुदतीत आपले म्हणणे लिहून दिले.

कायद्याला ही गोष्ट माहीत नाही असे नाही. याच २०१३ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की अधिसूचना निघाल्यावर त्यासाठी खास बोलावलेल्या ग्रामसभेत तिचा मजकूर सांगितला जावा. कोर्टातल्या साक्षी-जबानीखाली आणि दस्तांच्या शेवटी ‘वाचून दाखविला, समजावून सांगितला, मान्य आहे’ अशा अर्थाचे शब्द असतात. पडदानशीन स्त्रियांच्या दस्तांबाबत प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून न्यायालयांनी सांगितले आहे की नुसती सही किंवा अंगठा पुरत नाही. मजकूर तिला समजला होता, हे दस्ताचा लाभ घेणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. निरक्षर माणसांनाही न्यायालयांनी हे संरक्षण दिले आहे. ‘वाचून दाखविला’ आणि ‘समजावून सांगितला’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, हे कायद्याने ओळखले होते. आपण त्यांचा एक शिक्का बनवला.

अर्थ लपवणारा पॅराफ्रेज

या शब्दाचे अलीकडे आणखी एक विपरीत झाले आहे, तेही सांगायला हवे. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो हे संगणकावर तपासले जाते आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. नियम चांगल्या हेतूने झाला. पण बाजारात लगेच पॅराफ्रेज करून देणारी यंत्रे आली. दुसऱ्याचा परिच्छेद त्यात घालायचा, शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवून तो बाहेर येतो, आणि जुळणीचा आकडा खाली येतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने हे काम फारच सफाईदार केले आहे. मराठीतही.

ज्या कसरतीचा हेतू ‘मला हे कळले आहे’ असे दाखवण्याचा होता, ती आता ‘मी हे कुठून उचलले ते कळू नये’ यासाठी होते. शब्द बदलले, पण मध्ये कोणाच्याही डोक्यातून अर्थ गेलाच नाही. न्यायसूत्रांच्या भाषेत बोलायचे तर हे पुनरुक्तच. वेगळे शब्द घालून आले एवढेच. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. यंत्राने दिलेला परिच्छेद बाजूला ठेवून विद्यार्थ्याला म्हणावे, आता तोंडी सांग. दोन मिनिटांत कळते.

थोडक्यात, म्हणजे रिकॅपिट्युलेट करायचे तर, पॅराफ्रेजला मराठीत अनुवाद म्हणावे, त्या शब्दाच्या जुन्या, मूळच्या अर्थाने. पण शब्द कोणता वापरायचा यापेक्षा ती रीत चालू ठेवणे मोठे आहे. ग्रामसभेत अधिसूचना वाचून झाली की सभेतल्याच एखाद्या माणसाला उभे करून, ‘काय ऐकलंस ते सांग’ असे विचारायला काही खर्च येत नाही. दवाखान्यात गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून झाल्यावर, बँकेत कर्जाच्या कागदावर सही घेण्याआधी, हाच प्रश्न विचारता येतो. त्या माणसाला सांगता आले तर सांगणाऱ्याचे काम झाले. नाही आले तर गौतमाच्या नियमाप्रमाणे त्याला तीन वेळा संधी आहे. तिसऱ्यांदाही कळले नाही, तर हार कोणाची ते आपण पाहिलेच.